पणजीचा कान

६ जानेवारी

मालक,

पाकीट जाड होतं, म्हणून क्षणभर वाटलं की गाव सोडल्यावर एकोणीस वर्षांनी का होईना, तुला चार ओळी जास्त सुचल्या. फोडलं तर तुझ्या ओळी चारच, बाकी सगळे त्या संग्राहकाचे कागद. तेही तू मागचे पुढे आणि पुढचे मागे घातले होतेस. पुस्तकबांधणी करणाऱ्यांच्या घरात जन्मलेल्या माणसाला सहा पानं क्रमाने लावता येत नाहीत. अर्थात बाबांनी पाहिलं असतं तर त्यांना त्यातही तुझी हुशारीच दिसली असती.

तर तू पणजीचं चित्र विकतोयस. विचारत नाहीयेस, कळवतोयस. ठीक आहे. चित्र तुझं, कारखाना तुझा, कारखान्यावरच्या ज्या दोन खोल्यांत मी राहते त्याही तुझ्याच. मी आपली तुझ्या मालमत्तेची निगा राखणारी बाई. या बाईने काय करायचं तेही तू लिहिलंयस. चित्र उतरवून संग्राहकाच्या माणसांच्या हवाली करायचं आणि सोबतच्या निवेदनावर सही करायची.

निवेदन मी दोनदा वाचलं. ‘हे चित्र चार पिढ्या आमच्या घरात असून त्यावर आजवर कोणतीही दुरुस्ती अथवा रंगकाम झालेले नाही, असे मी लहानपणापासूनच्या माहितीवरून लिहून देते.’ खाली माझं नाव आणि रिकामी रेघ. शेवटी तुझ्या हातचं एक वाक्य: व्यवहार झाला तर कारखाना मी आहे तसा चालवावा, फिसकटला तर जागा मोटारीच्या सुट्या भागांच्या गोदामाला द्यावी लागेल, नाइलाज आहे. ‘नाइलाज’खाली तू रेघ मारलीयस. तुझा नाइलाज मी लहानपणापासून बघते आहे. तो नेहमी धष्टपुष्ट असतो.

चित्र उतरवते. सहीचं बघू.

— ताई

१९ जानेवारी

मालक,

संग्राहक येऊन गेला. मी त्याला मनातल्या मनात ‘हातमोजे’ म्हणते, कारण आल्याबरोबर त्याने खिशातून पांढरे मोजे काढून घातले. चित्राला हात लावायचा म्हणून घातले असतील असं मला वाटलं. मग त्याच मोज्यांनी त्याने माझ्या हातातला चहाचा कप घेतला, तेव्हा उलगडा झाला. खुर्चीवर बसायच्या आधी त्याने खुर्चीकडेही एकदा नीट बघून घेतलं. कारखान्यात खळ शिजत होती, तिचा वास येऊन त्याने नाकाला रुमाल लावला. या वासावर तुझं शिक्षण झालंय हे मी त्याला सांगितलं नाही.

चित्राबद्दल मात्र तो बोलत सुटला. ज्या चित्रकाराला पणजोबांनी महिनाभर मागच्या खोलीत राहू दिलं होतं, तो म्हणे आता फार मोठा. हयातीत त्याला कुणी दारात उभं केलं नसतं, आणि आता त्याच्या नावावर हे असले लोक मोजे घालून फिरतात. प्रकाश कसा खांद्यावरून येतो, शिवणीच्या चौकटीवर तिचे हात कसे पडलेत, सुईतला दोरा एका फटक्यात कसा काढलाय. पणजी मान खाली घालून छापील पानांच्या घड्यांचे फर्मे शिवत बसलीय, चेहरा अर्धाच दिसतो आणि डावा कान पूर्ण, एवढंच आपण जन्मभर पाहिलं. बोलता बोलता तो थांबला आणि म्हणाला, ‘नजर सारखी कानावर का जाते हो?’

मला हसू आलं. म्हटलं, आमच्या घरात सगळ्यांची तिथेच जाते. मग त्याला सगळं सांगावं लागलं. पणजोबांना सुई कशी धरायची तेही येत नव्हतं, बांधणी त्यांना पणजीने शिकवली, आणि म्हणून त्यांनी कारखान्याच्या पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं की दर पिढीत ज्याचा कान हिच्यासारखा, चित्र त्याचं आणि कारखानाही त्याचा. हाताचं कसब पाळण्यात दिसत नाही, कान दिसतो. तेव्हापासून आपल्याकडे मूल जन्मलं की दुपट्यात गुंडाळून या चित्राखाली आणायचं आणि कान बघायचा. माझा बघितला तेव्हा आजोबा म्हणे नुसतंच ‘हं’ म्हणाले. तुझा बघितला तेव्हाही ‘हं’च म्हणाले होते, पण ते बाबांनी पुढे कुणाला सांगितलं नाही.

‘म्हणजे वडिलांचा कान जुळला,’ हातमोजे म्हणाला.

‘हो.’

‘आणि त्यांना भाऊ नव्हता?’

‘होता. थोरला. त्यांचा नाही जुळला.’

‘मग ते?’

‘ते गेले.’

‘वारले?’

‘तेव्हा नाही,’ मी म्हटलं, आणि त्याला आणखी चहा विचारला. तो नको म्हणाला. दुसरा कपही मोज्याने धरायला त्याला जड गेलं असतं.

काल त्याची माणसं येऊन चित्र घेऊन गेली. भिंतीवर चौकोन राहिलाय, बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ. कामगार येता-जाता तिथे बघतात आणि मी त्यांच्यावर खेकसते.

— ताई

३ फेब्रुवारी

मालक,

तीन पत्रं, पंधरा दिवसांत. आई आजारी होती तेव्हा अख्ख्या वर्षात एक आलं होतं, त्यात हवेबद्दल लिहिलं होतंस.

सही का केली नाही, तर ऐक. हातमोज्याकडे चित्रं दुरुस्त करणारी एक बाई आहे. तिने मला बोलावून घेतलं. ही बाई मला आवडली, हे आधीच सांगते, कारण मला कुणी आवडलं की तू लगेच सावध होतोस. अंगात डाग पडलेला जुना डगला, कपाळावर भिंग, नखं माझ्यासारखीच खराब. चित्र टेबलावर आडवं ठेवलं होतं. तिने दिवा तिरपा धरला आणि म्हणाली, ‘बघा. सगळ्या अंगाला बारीक भेगा आहेत. इथे, कानाला, एकही नाही. ही बाई शंभर वर्षांची आहे आणि तिचा कान चाळीस-बेचाळीसचा.’

मी बघितलं. दिव्यात ते इतकं उघड दिसत होतं की आपल्या घरातल्या एवढ्या डोळ्यांची मला लाज वाटली.

‘कुणी दुरुस्ती केली होती का? ओल वगैरे लागली होती का? तुम्ही लिहून दिलंत तर मला वरचा थर काढता येईल. नाही म्हणालात तर हे असंच जाईल. मालकांनी कळवलंय की कधीच हात लागलेला नाही.’

‘मालकांनी,’ मी म्हटलं. ‘मालक तेव्हा सात वर्षांचे होते.’

ती भिंग वर करून माझ्याकडे बघत राहिली. मी विचार करून सांगते म्हणाले आणि निघाले.

तू लिहितोस, ‘मला काही आठवत नाही, आणि तुलाही आठवायचं कारण नाही.’ पहिलं खोटं आहे. दुसरं बाबांचं वाक्य आहे, शब्दसुद्धा त्यांचेच. तुझ्याकडे स्वतःचं असं काही असेल तर तो नाइलाज.

— ताई

११ फेब्रुवारी

मालक,

तुला आठवत नाही, तर मी आठवून देते. मग पुन्हा विचारू नकोस.

आजोबा अंथरुणाला खिळले होते. डोळे गेले होते. ते गेले की सगळ्यांसमोर वही उघडायची, चित्र खाली घ्यायचं आणि काका-बाबांचे कान बघायचे, हे ठरलेलं होतं. खरं तर बघण्यासारखं काही उरलं नव्हतं, काकांच्या जन्माच्या दिवशीच आजोबांनी ‘हाच तो कान’ असा निकाल दिला होता. काका कारखाना चालवतही होते. त्यांच्यासारखी जुजबंदीची शिवण त्यांच्यानंतर या इमारतीत कुणाला जमलेली नाही, मलाही नाही. त्यांनी शिवलेली वही शाळेतल्या पोरांनी कितीही ताणली तरी तिचं पान सुटत नसे. बाबा तेव्हा गिऱ्हाइकांशी बोलायचं काम करत.

त्या वर्षी छत गळलं आणि चित्रावर ओल आली. कानापाशी पंजाएवढा डाग पडला. डागाच्या आधीही धुरकटल्यामुळे तिथे धड काही दिसत नव्हतंच. बाबा म्हणाले, मी दुरुस्त करून आणतो. काका म्हणाले, आण. एवढा साधा माणूस.

बाबांनी चित्र चादरीत गुंडाळलं आणि तुला-मला घेऊन दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्याकडे गेले. लोखंडी दाराचं दुकान, आत रॉकेलचा वास, भिंतीला टेकून ठेवलेली ‘येथे चष्मे मिळतील’ अशी अर्धवट पाटी. बाबा त्याच्यापुढे बसले आणि डोकं तिरकं करून म्हणाले, ‘हा असा काढा.’ त्याने बाबांचा कान बघितला आणि म्हणाला, ‘साहेब, बाईमाणसाचा कान काढायचाय. तुमच्या कानात केस आहेत. पोराचा चालेल?’

तुझा कान बाबांसारखाच, पाळी गालाला चिकटलेली. म्हणून तुला बसवलं. तीन दुपारी. बाबा बाहेर रस्त्यावर उभे, कुणी ओळखीचं येतंय का बघत. तू एक क्षण स्वस्थ बसत नव्हतास, म्हणून त्यांनी मला सांगितलं, याचं डोकं धर. मी धरलं. दोन्ही हातांनी, असं, हनुवटीखाली एक आणि डोक्यावर एक. मी दहा वर्षांची होते आणि मला सगळं कळत होतं. काकांचा कान कसा आहे ते मला माहीत होतं, त्यांच्या मांडीवर बसून मी ती लोंबती पाळी हलवत असे. मधेच तुला हसू आलं तेव्हा मी तुझे केस ओढले, रेघ चुकू नये म्हणून.

आजोबा गेल्यावर चित्र खाली घेतलं. स्वच्छ, लखलखीत कान, पाळी गालाला चिकटलेली. कामगार, नातेवाईक सगळे जमले होते. काका चित्रापुढे येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता ते बोलतील. म्हणतील, हा कान असा नव्हता. त्यांनी हात वर नेला, स्वतःची पाळी दोन बोटांत धरून बघितली, आणि खाली बघून म्हणाले, ‘दादांची बघण्यात चूक झाली असेल.’ आपल्या बापाच्या शब्दापेक्षा त्यांनी चित्रावर विश्वास ठेवला. दुसऱ्या दिवशी काकूला आणि कागदाला भोकं पाडायचा आपला एक टोच्या घेऊन ते बाहेर पडले आणि दुसऱ्याच्या छापखान्यात फर्म्यांच्या घड्या घालायला लागले.

त्या संध्याकाळी बाबांनी तुला पहिल्यांदा ‘मालक’ म्हटलं. मग सगळेच म्हणायला लागले. मीही.

— ताई

१४ फेब्रुवारी

सही केली. तुझ्या कागदावर नाही, माझ्या. दुरुस्ती करणाऱ्या बाईला सगळं लिहून दिलं आणि पणजोबांची ती पहिली वहीही तिच्या टेबलावर ठेवली. तुझा कागद सोबत परत पाठवते आहे. पाठकोरा आहे, तुला उपयोगी पडेल.

१ मार्च

मालक,

तुझी तार-वजा चिठ्ठी मिळाली. ‘वेड लागलंय का’ एवढं एकच वाक्य, त्यातही प्रश्नचिन्ह विसरलास.

कान निघाला. बाईने कापसाचा बोळा कसल्याशा द्रावात बुडवून फिरवला आणि तुझा कान त्या बोळ्यावर आला, तपकिरी. अर्धा तासही लागला नाही. बाबांना तीन दुपारी आणि मला बेचाळीस वर्षं लागली होती. खालचा कान ओलीने थोडा उडालाय, पण आकार पूर्ण आहे. मोठी, सुटी, लोंबती पाळी. मी तिथून बाहेर येऊन जिन्यात बसले.

हातमोजे खुशीत आहे. त्याला काका, बाबा, वारसा कशातही काडीचा रस नाही, पण चित्रकाराच्या हातचा अस्सल कान मिळाला म्हणून तो चित्राभोवती फेऱ्या मारतोय. मात्र त्याने वही वाचली आणि त्याच्या वकिलानेही. आता तो म्हणतो, चित्र त्याला काकांची वारस म्हणून काकूच्या सहीशिवाय नको, आणि तुझ्याकडून हरकत नसल्याचं पत्र हवं. पैसे काकूला. तू कोर्टात जाऊ शकतोस. जरूर जा. तिथे पहिल्याच दिवशी तुला मान वळवून उभं करतील आणि वकील, कारकून, शिपाई सगळे तुझा कान बघतील. मी साक्षीला येईन, डोकं धरायला कुणी लागलं तर.

काकूला मी घेऊन गेले. काका सहा वर्षांपूर्वी गेले हे तुला मी कळवलं होतं, तू ‘वाईट वाटलं’ असं छापील कार्ड पाठवलं होतंस. मी मयतीला गेले नव्हते. इन्फ्लुएन्झा झालाय असं तुला लिहिलं होतं. झाला नव्हता.

काकू आता अठ्ठ्याहत्तरची आहे. इस्त्रीवाल्याच्या दुकानावर एका खोलीत राहते. मी दार वाजवलं, तर मला बघून तिला आश्चर्यही वाटलं नाही. पाट्या रंगवणाऱ्याबद्दल सांगितलं, बाबांबद्दल सांगितलं, तुझ्याबद्दलही. डोकं कुणी धरलं होतं ते सांगितलं नाही. तिने चपला घातल्या आणि म्हणाली, ‘चल, दाखव.’

टेबलापाशी ती वाकली. बाईने दिवा पुढे केला. काकूने बोट न टेकवता कानावरून हवेत फिरवलं.

‘यांचा कान थंडीत फुटायचा,’ ती म्हणाली. ‘ही पाळी अशी धरायची आणि दोन थेंब घालायचे. ओरडायचे. माणूस एरवी आवाज चढवायचा नाही, पण कानात थेंब घातले की ओरडायचा.’

मग तिने बाईला विचारलं, ‘हे यांना बघायला मिळालं असतं, असं करता आलं नसतं का?’ बाईने दिवा मागे घेतला आणि माझ्याकडे बघितलं. ते उत्तर द्यायचं काम माझं होतं.

— ताई

२३ मार्च

मालक,

तुझं हरकत नसल्याचं पत्र पोचलं आणि त्याच टपालाने जागा रिकामी करायची नोटीसही. या वेळी पानं क्रमाने होती, वकिलाने लावली असणार. महिनाअखेरीस चावी त्याच्याकडे देते. काकूने कारखान्यावर हक्क सांगायचा नाही असं ठरवलंय. ‘ज्यांना हवा होता ते नाहीत, मी काय करू त्याचं,’ म्हणाली. म्हणजे तुला तुझं गोदाम मिळालं. कामगारांपैकी दोघांना मी दुसरीकडे लावून दिलं. तिसरा मला शिव्या देतो, ते त्याचं बरोबर आहे.

चित्र परवा विकलं गेलं. सही करायच्या आधी हातमोज्याने उदारपणे विचारलं की ठेवून घ्यायचं असेल तर अजून विचार करा. काकू म्हणाली, ‘मला हा कान भिंतीवर काय करायचाय? तो शेजारच्या उशीवर हवा होता.’ आणि सही केली. हातमोजे उगाचच कागद चाळत राहिला.

तिथून मी तिला घरी सोडायला गेले. कारखान्यापासून तिची खोली चालत बारा मिनिटांवर आहे. मी इतकी वर्षं ती गावाच्या दुसऱ्या टोकाला राहते असं धरून चालले होते, का ते मला विचारू नकोस. तिने चहा ठेवला आणि मी एकदाचं सांगून टाकलं. डोकं मी धरलं होतं, मला सगळं कळत होतं, रेघ चुकू नये म्हणून मी त्याचे केसही ओढले.

तुला खरं सांगते, मी तयारीने गेले होते. ती म्हणेल, अगं, तू दहा वर्षांची होतीस. मग मी म्हणेन, तरी पण काकू. ती पाठीवरून हात फिरवेल. मी थोडी रडेन. घरी येऊन तुला पत्र लिहीन आणि त्यात मी तुझ्यापेक्षा किती बरी निघाले ते तुला ओळीओळीतून कळेल. पहिल्या पत्रापासून मी तेच करत आले आहे.

तिने ऐकून घेतलं. गॅस बारीक केला. म्हणाली, ‘दहा वर्षांच्या पोरीचं काय चुकलं म्हणायचं? काहीच नाही.’

मी तोंड उघडणार होते.

‘पण मग तू अकरा वर्षांची झालीस,’ ती म्हणाली. ‘मग वीस. मग तीस. चाळीस. हे इथेच होते, याच खोलीत, त्या खिडकीशी बसून लोकांच्या फाटक्या वह्या शिवून द्यायचे. दर वेळी आरशात कान बघायचे आणि म्हणायचे, माझ्यातच काहीतरी कमी होतं गं, म्हणून तिने मला निवडलं नाही. मरेपर्यंत हेच म्हणत होते. त्यातल्या एकाही वर्षी तुला हा जिना सापडला नाही?’

आवाज चढवला नाही तिने. खरंच जाणून घ्यायचं म्हणून विचारलं आणि उत्तरासाठी थांबलीही.

मी काय सांगणार होते? बाबा असेपर्यंत बाबांची भीती होती, हे खरं आहे. बाबा गेले त्याला पंचवीस वर्षं झाली, हेही खरं आहे. त्यानंतर वरच्या दोन खोल्या होत्या, कारखाना होता, माझ्या हाताखाली तीन माणसं होती, आणि खरं सांगितलं तर यातलं एकही माझं राहणार नव्हतं. तुला मी एवढं लिहिलं, पण तू निदान सात वर्षांचा होतास आणि पुढे कदाचित खरंच विसरलास. मी काहीच विसरले नाही आणि तुला नावं ठेवत त्याच घरात राहिले.

यातलं काही मी काकूला बोलले नाही. तिने चहा गाळून कप पुढे केला. मी तो प्यायले. उठून कप विसळून ठेवला. ती नको म्हणाली नाही, बस म्हणाली नाही, आणि मी दारापर्यंत गेले तरी खिडकीकडेच बघत राहिली.

— ताई